कुंदाच्या वाटीतलं वरण

आमच्या घरी वरण शिजलं की ते ढवळायचं नाही, असा आत्याचा दंडक होता. चुलीवरून गंज, म्हणजे वरणाचं पातेलं, उतरवायचा, बाजूला ठेवायचा आणि डाळ खाली बसू द्यायची. मग वरचं पिवळं, निवळ पाणी एका वाटीत काढायचं, ते कुंदाचं. मधलं आम्हा बायामुलींचं. आणि तळाशी उरलेलं घट्ट, ज्यात पळी उभी राहील असं, ते बाबांचं आणि काकाचं. यात कोणाला अन्याय वाटत नसे. हातमागावर बसणाऱ्या माणसाचे पाय दिवसभर मागाखालच्या खड्ड्यात चालतात, वर हात चालतात, त्याला घट्ट लागणारच. कुंदा तर नुसती गोधडीवर बसून असायची, तिला जड खाऊन करायचं काय? शिवाय आत्याचं म्हणणं असं, की "साऱ्या डाळीचा कस पान्यातच उतरते वं. खाली राह्यते तो चोथा." म्हणजे तिच्या समजुतीनं घरातलं सगळ्यात चांगलं ते कुंदाच्याच वाटीत जात होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून माझ्या आत्याला कोणी दुष्ट म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

कुंदा माझी धाकटी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमच्या मधली दोन लेकरं मायच्या हाती लागली नाहीत, म्हणून कुंदाचं कौतुक जास्त. आत्या म्हणजे चंद्राआत्या, बाबांची मोठी बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला नि ती परत आमच्या घरी आली, ती कायमची. आल्या दिवसापासून चूल तिच्या ताब्यात. आमची सारी गल्ली विणकरांची, नागपूरच्या जुन्या वस्तीतली. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी पहिला माग सुरू व्हायचा, मग दुसरा, तिसरा, आणि चहाच्या वेळेपर्यंत गल्लीभर खटाक-खट, खटाक-खट असं एकच चालू. माय चरख्यावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती रिकामी झाली की माग थांबतो, आणि माग थांबला की बाबांचं डोकं फिरतं. त्यामुळे मायला उठायची सोय नव्हती. कुंदा रडली की आत्या धावायची, कुंदाला भूक लागली की आत्या भरवायची. मांडीवर घेऊन, पाण्यात चतकोर भाकरी कुस्करून, "हा घास चिऊचा" म्हणत, अर्धा-अर्धा तास. इतक्या मायेनं मला कोणी भरवल्याचं आठवत नाही, आणि त्याचा मला राग यायचा, तेही लिहून टाकते.

आता त्या गल्लीत एकही हातमाग राहिला नाही. मागच्या महिन्यात गेले होते, जिथे आमचा माग होता तिथे मोबाइलचं दुकान आहे आणि आत बसलेल्या पोट्ट्यानं मला विचारलं, "काय पाहून राहिल्या काकू?" काय सांगणार त्याला, बाप्पा!

रविवारी घरात मटण शिजायचं. आमच्याकडचा रस्सा म्हणजे काळ्या मसाल्याचा नि भिवापूरच्या मिरचीचा. पहिल्या घासाला कान गरम, दुसऱ्याला नाक वाहतं. बाहेरगावचा पाहुणा पाण्याचा तांब्या घेऊनच पानावर बसायचा. ते कुंदाला कसं देणार? म्हणून रविवारी कुंदाला चहा-बिस्किट. बशीत चहा ओतायचा, बिस्किट बुडवायचं, ते लिबलिबीत झालं की बोटानं उचलून तोंडात. तिला आवडायचंही फार. मसाला टाकायच्या आधी दोन बोट्या काढून तिच्यासाठी वेगळ्या ठेवाव्यात, हे सहा माणसांच्या त्या घरात एकालाही सुचलं नाही. सुचायला काय लागतं, असं आज वाटतं. तेव्हा नाही सुचलं, हे खरं.

कुंदा दोन वर्षांची झाली त्या दिवाळीला आत्यानं पेटीतून तिचा मागच्या दिवाळीचा लाल फ्रॉक काढला आणि तो तिला अगदी बरोब्बर बसला. आत्या काय खूष झाली! गल्लीभर तिला कडेवर घेऊन फिरली. "पाहा वं, कशी कपडे टिकवते माही पोरगी! जसा घेतला तसाच बसला." बायका हसल्या. मीही हसले. फक्त शेजारची, माझ्या मैत्रिणीची म्हणजे वंदाची आई हसली नाही. तिचा बंडू आणि आमची कुंदा एकाच आठवड्यातले. बंडूची हनुवटी मागाच्या लाकडावर टेकायची, तो उभा राहून बाबांचं विणकाम बघायचा, आणि कुंदा त्याच्या खांद्याखाली. वंदाची आई हळूच म्हणाली, "चंद्राबाई, कुंदी काही वाढून नाही राहिली." आत्याचा चेहरा उतरला. मग तिनं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "वाढन कशी? हिनं ओलांडली न तिले."

ते खरं होतं. मी ओलांडलं होतं. कुंदा वर्षाची असताना दारातच गोधडीवर निजली होती आणि बाहेर वंदा लंगडीसाठी हाका मारत होती. मी आतून पळत आले नि तिच्या अंगावरून उडी मारून थेट रस्त्यावर. मागून आत्या ओरडली, "अवं ओलांडली तिले! उलटी ये पहिले, उलटी ओलांड! खुंटते वं लेकरू!" निजलेल्या लेकराला ओलांडलं तर त्याची वाढ थांबते, आणि लगेच उलट पावली परत ओलांडलं तर दोष निघून जातो, हे आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पण माझा डाव होता. मी गेले ती संध्याकाळीच आले, आणि तोवर कुंदा उठून बसली होती.

त्या दिवाळीपासून माझं खाणं-झोपणं गेलं म्हटलं तरी चालेल. कुंदा दुपारी निजली की मी भोवती कोणी नाही ना ते पाहायची आणि तिला उलटं ओलांडायची. मग शंका यायची, की आपण आत्ता उलटं ओलांडलं की सुलटं? कारण उलटं ओलांडून पलीकडे गेल्यावर परत इकडे यायचं तर पुन्हा ओलांडणं आलं. नाहीतर पूर्ण खोली फिरून यायचं, आणि मध्ये चरख्यावर माय. कधी मोजणी चुकायची. मग सगळं पुन्हा. एकदा मायनं पाहिलं. चरखा थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग काहीच न बोलता तिनं पुन्हा चाक फिरवायला घेतलं. मला वाटलं, मायलाही पटलं की हे माझंच पाप आहे. घरात कोणी मारलं नाही मला. पण कुंदाला ताप आला, जुलाब झाले, की आत्या उसासा टाकून म्हणायची, "ओलांडलेलं लेकरू हे, असंच राहन." दोन वर्षं मी हे ऐकलं.

समाजाच्या सभागृहात तेव्हा नवीनच अंगणवाडी सुरू झाली होती. सुनंदाबाई नावाची बाई होती, चोवीस-पंचवीस वर्षांची, सडपातळ, बोलायला फटकळ. बुधवारी दुपारी ती बायकांची बैठक घ्यायची: लेकरांना काय द्यायचं, किती वेळा द्यायचं, पोटुशी बाईनं काय खायचं. घरोघर बोलवायला यायची. आमच्या दारात आली की आत्या म्हणायची, "कालची पोट्टी. पदरात लेकरू नाही, अन् मले शिकवन?" आत्याच्या पदरात तरी कुठे होतं, पण हे तिला सांगणार कोण!

एके दिवशी सकाळच्या शाळेतून येताना मी सभागृहाच्या खिडकीशी थांबले. सुनंदाबाई कापडाच्या झोळीत एकेक पोर टांगून वजन करत होती. सगळी पोरं गेली तरी मी तिथेच. तिनं विचारलं, "काय पाहिजे वं?" मी म्हटलं, "ओलांडलेल्या पोरीले वाढवता येते का?"

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. म्हणाली, "कोनाले ओलांडलं तू?"

"माह्या बहिणीले. उलटी नाही आली मी लगेच. मंग आली. लय खेपा आली. पन मले गिनती नाही राहिली."

"हे पाय इकडं," तिनं मला जवळ ओढलं. "माह्या भावाले मी शंभर खेपा ओलांडलं असन. मुडदा बापाच्या वर गेला, दारातून वाकून येते. ओलांडल्यानं काही होत नाही. काही म्हंजे काही नाही. समजलं?" आणि मग तिनं विचारलं, "खाते काय तुही बहीण?"

मी सगळं सांगितलं. वरणाचं पाणी, चतकोर भाकरी, रविवारी चहा-बिस्किट. ती ऐकत होती, ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. "भरवते कोन? माय?" मी म्हटलं, आत्या. "मंग मले आत्यालेच भेटा लागते," ती म्हणाली. "मायले सांगून घर बदलत नाही." मी तिचा हात धरून तिला त्याच पावली घरी घेऊन आले. बहिणीसाठी आणलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी माझ्या बाजूनं साक्ष द्यायला माणूस आणलं होतं.

जेवणाची वेळ होती. बाबा आणि काका पानावर बसलेले, आत्या गंजातून वाढत होती, माय चरख्यावर. सुनंदाबाईनं आधी कुंदाला झोळीत टांगून वजन केलं, मग दाराशी उभी करून तिची उंची मोजली. मग आत्याजवळ बसून गोड आवाजात म्हणाली, "आत्या, हे कुंदाचं वरन आज काकाले वाढा न. अन् काकाचं कुंदाले."

काका हसला. "अवो बाई, या पान्यावर माग चालवू का मी? दोन हात कापड नाही होनार, चक्कर येऊन पडन."

"नाही चालवता येनार?"

"कसा चालवन! जीव पाहिजे न अंगात."

"तुम्ही तर नुसता माग चालवता काका," सुनंदाबाई म्हणाली. "हे पोरगी हाडं बनवून राहिली, रक्त बनवून राहिली, डोकं बनवून राहिली. या घरात सगळ्यात भारी काम इचं चालू आहे. अन् इले तुम्ही पानी देऊन राहिले."

काकाचा हात पानावर तसाच राहिला. आत्यानं गंजात पाहिलं, मग कुंदाच्या वाटीत पाहिलं. तिनं पळी वाटीत घातली आणि वर उचलली; पाणी गळून गेलं, पळीत काही राहिलं नाही. हे ती रोज पाहत होती. पण त्या दिवशी तिला दिसलं. ती म्हणाली, "आतापासून घट्ट देलं, त भरून निघन का?"

सुनंदाबाईला खोटं बोलता आलं असतं. मी असते तर बोलले असते. ती म्हणाली, "वजन भरून निघन आत्या. ताकद येईन, बिमार पडनं कमी होईन. द्याच. वरनात चमचाभर तेल टाका, अंडं द्या, मसाल्याच्या आधी दोन बोट्या काढत जा, दिवसातून चार-पाच खेपा द्या. पन उंचीचे खरे दिवस पहिली दोन वर्सं. ते गेले." मग आपण फार कडक बोललो असं तिला वाटलं असावं, म्हणून ती वळून मायला म्हणाली, "वहिनी, तुम्ही त आलत्या न मागच्या साली डाळीच्या बैठकीले? हेच सांगतलं होतं न मी?"

चरखा थांबला. आत्यानं मायकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?"

माय म्हणाली, "हो."

"मंग काहून नाही बोलली वं?"

मायनं मान वर केली नाही. हातातलं सूत तसंच धरून म्हणाली, "तुमच्या हातची पळी कशी मांगू, आक्का? तुमच्याजवळ तेवढंच त होतं."

यावर आत्या काय म्हणाली ते मला सांगता यायचं नाही, कारण मी तिथे नव्हते. "ओलांडल्यानं काही होत नाही" हे आता सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं आणि मी दारातून बाहेर पडले होते. "वंदे! माह्यामुळं नाही! माह्यामुळं नाही वं!" असं ओरडत मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला होता. अंधार पडेपर्यंत लंगडी खेळले. घरात दोन बाया मोडून पडल्या होत्या, माझी बहीण कायमची बुटकी राहणार हे ठरून गेलं होतं, आणि मी नाचत होते. बारा वर्षांची होते, असं लोक म्हणतात. म्हणोत.

मायचं मात्र मी अजून गिळलेलं नाही. नणंदेचं मन राखलं, ठीक. पण मी त्या गोधडीभोवती फेऱ्या घालत होते तेव्हा तिला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. शेवटच्या आजारपणात मी तिला महिनाभर भरवलं, घट्ट वरण, तूप घालून, आणि रोज जिभेवर आलेला प्रश्न रोज परत गिळला. ती गेली. प्रश्न आहे तिथेच आहे.

दुसऱ्या दिवसापासून पळी मायच्या हातात आली. बाबांनी एका शब्दानं विरोध केला नाही; काका तर स्वतःच्या पानातलं घट्ट उचलून कुंदाच्या वाटीत टाकायचा. आठवड्यात दोन अंडी येऊ लागली. कुंदाचे केस काळे झाले, गाल भरले, सर्दी-खोकला पळाला. सुनंदाबाई दर महिन्याला वजन करायची आणि मान हलवायची. गल्लीतल्या चार-पाच घरांत त्यानंतर वरण ढवळून वाढायला लागले. त्यांची पोरं आज चांगली उंचपुरी आहेत. त्यांच्यात कोणाला कुंदाचं नावही आठवत नसेल.

आणि आत्या चरख्यावर बसली. तिनं चूल सोडली ती सोडलीच. पहिले काही दिवस कुंदा मायच्या हातचं खायला तयारच नव्हती. वाटी समोर आली की ती सरकत सरकत आत्याच्या पुढ्यात जायची आणि आ करून बसायची. आत्या हातातली कांडी ठेवायची आणि उठून मागच्या अंगणात जायची. मायनं हात जोडले, बाबांनी समजावलं, सुनंदाबाई दोनदा येऊन गेली. "तुमच्याच हातानं द्या आत्या, फक्त घट्ट द्या, मी हेच त सांगाले आली होती," ती म्हणाली. आत्या म्हणाली, "या हातानं नाही आता." कुंदा सहा वर्षांची असताना सणाच्या दिवशी पुरणपोळी घेऊन तिच्याजवळ गेली, "आत्या, एक घास." आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मायच्या हातचं खाय, बाई." मी मॅट्रिकला असताना आत्या तापानं गेली, तोवर तिनं कुंदाला पुन्हा एकदाही भरवलं नाही.

कुंदा साडेचार फुटांची राहिली. लग्न झालं, एक मुलगा झाला. कंबर लहान म्हणून पोट फाडून काढावा लागला. तो मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, बापासारखा ताडमाड. कुंदा फार हसरी. माठ उतरवायचा असो की पंख्याचं बटण दाबायचं असो, स्टूल ओढते आणि स्वतःवरच विनोद करते. तिला आम्ही कोणी काही सांगितलं नव्हतं. घराण्यातच बुटकेपणा आहे, एवढंच ती समजून होती.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा वाटलं, छापायच्या आधी तिला वाचून दाखवावं. मागच्या गुरुवारी ती आली. मी वाचलं, ती भाजी निवडत ऐकत होती. मध्ये कुठे थांबली नाही, कुठे रडली नाही. मी कागद खाली ठेवले आणि वाट पाहत राहिले, की आता ही मला उंचीचं विचारेल, मायला बोल लावेल, नाहीतर निदान त्या दिवशी मी नाचले म्हणून मला दोन शिव्या देईल. उंचीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

"म्हंजे आत्यानं मले भरवनं त्या दिवसापासून सोडलं?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "मले आठवते वं ते. मी आ करून बसो, अन् आत्या उठून जाये. मले वाटे, माह्या हातूनच काही चुकलं. आतापर्यंत मी तेच आठवून पाहून राहिली होती, का मी तिचं काय केलं म्हनून."